पोरगा प्रार्थनेला बसत नाही

वाचकांची पत्रं, इंदूरच्या काकूंची उत्तरं

गेल्या अंकात मी एक तक्रार केली होती. ख्रिस्ती घराने देवाचा मान कसा राखायचा, असं विचारणारे लोक मला देवळातलंच, म्हणजे चर्चमधलंच, सगळं विचारतात. कॉयर, नाताळचा कार्यक्रम, वर्गणी. घरातलं कोणी विचारत नाही. त्यावर इतकी पत्रं आली की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. त्यातली काही इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावं राहू दिली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी इंदूरची, गणिताची निवृत्त मास्तरीण. कॅनडाचे मिशनरी १८७७ साली इंदुरात आले. त्यांनी पुढे उभारलेल्या कामात माझे आजोबा नगर जिल्ह्यातून कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना हिंदीत चालते, घरची प्रार्थना मराठीत आणि भांडणं दोन्हींत. संडे स्कूलची पोरं पुष्कळ वर्षं सांभाळली, पण मी पाळक नाही आणि ईश्वरविज्ञानही शिकलेली नाही. बायबलमधल्या वचनांचे आकडे देते, ती तुम्ही घरी उघडून पाहा.

सुदामा नगर, इंदूरहून एक वडील लिहितात:

"काकू, सलाम. मी मंडळीच्या कमिटीत आहे. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून रात्री नऊला कौटुंबिक उपासना होते. गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना. मुलगा अकरावीत आहे, भंवरकुआंला जेईईच्या कोचिंगला जातो. गेल्या पावसाळ्यापासून तो उपासनेला बसत नाही. बसवला तर डोळे उघडे ठेवून पाय हलवत राहतो. यंदा दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गालाही त्याने नाव दिलं नाही. रविवारी सकाळी टेस्ट असते म्हणून देवळात येत नाही. मी मोबाइल काढून घेतला. 'या घरात जेवायचं तर या घराची प्रार्थना करावी लागेल' असंही बोललो. आता तो जेवतो, पण बोलत नाही. मंडळीत लोक विचारतात, कमिटीवाल्याचा मुलगा कुठे आहे? 'मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे, म्हणजे वृद्धपणीही तो त्यापासून परावृत्त होणार नाही' हे वचन मी तो पाळण्यात असल्यापासून पाळतो आहे. दारावर यहोशवाचं वचन लावलेलं आहे. मग आमचं चुकलं कुठे?"

भाऊ, 'मंडळीत लोक विचारतात' हे तुमच्या मूळ पत्रात तीनदा आहे. छापताना मी एकदाच ठेवलं. मुलाला काय वाटतं, हे मात्र एकदाही नाही. त्याला विचारलंत का? उपदेशाची प्रस्तावना म्हणून नव्हे, खरंच विचारलंत का?

आधी दारावरचं वचन बघू. मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करणार, हे इंदुरातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत दारावर दिसतं. त्याच वचनाचा आधीचा भाग (यहोशवा २४:१५) कोणी फ्रेम करून लावत नाही. यहोशवा म्हातारा झालाय, त्याने शखेमला सगळे वंश गोळा केलेत आणि तो त्यांना सांगतोय की परमेश्वराची सेवा करणं तुम्हाला बरं दिसत नसेल, तर कोणाची करायची ते आज निवडा. लढाया जिंकलेला माणूस लोकांना निवडायला सांगतो, आणि मग स्वतःचं सांगतो. तुम्ही निवडण्याचा भाग गाळून थेट जेवणाच्या ताटाला अट घातलीत. पुढे शास्ते २:१० सुद्धा वाचा. यहोशवाच्या त्या पिढीमागून जी पिढी आली, तिला परमेश्वराची ओळख नव्हती. म्हणजे एवढी मोठी घोषणा होऊनही ओळख आपोआप खाली झिरपली नाही.

आता नऊ वाजताची उपासना. मी पुष्कळ घरांत पाहुणी म्हणून बसले आहे आणि एक गोष्ट मला फार खटकते. बाप डोळे मिटतो आणि देवाला सांगायचं निमित्त करून मुलाला झापतो. 'हे प्रभू, या लेकराला सद्बुद्धी दे, त्याची वाईट संगत तोड, त्याला अभ्यासाची गोडी लाव.' बिचारं पोरगं मध्ये बोलूही शकत नाही, कारण प्रार्थना चालू आहे. तुमच्याकडे असं होतं की नाही, मला ठाऊक नाही. होत असेल तर आजपासून बंद करा. मुलासाठी रडून प्रार्थना करायची असेल तर दार लावून, एकट्याने करा. मत्तय ६:६ त्यासाठीच आहे. त्याच्यासमोर प्रार्थना करायची तर स्वतःसाठी करा. दुकानात कोणाशी खोटं बोलावं लागलं, ऑफिसात कोणाचा राग आला, ते देवाला सांगा. आपला बापही कोणापुढे तरी वाकतो, हे मुलाला दिसू द्या. मला विचाराल तर घरात देवाचा मान राखणं म्हणतात ते बऱ्याच अंशी एवढंच.

उपासना बंद करू नका, पण आटोपशीर करा. एक स्तोत्र, चार ओळींची प्रार्थना, दोन कडवी. दहा मिनिटांत उठा. तो बसला तर ठीक, नाही बसला तर त्याचं ताट झाकून ठेवा आणि त्याला हाक मारून जेवायला वाढा. जेवणाची आणि प्रार्थनेची जी गाठ तुम्ही मारलीत ती तुम्हीच सोडवायची, आणि तसं त्याला तोंडाने सांगायचं. मोबाइल परत द्या. मोबाइलचे नियम हवेत, जरूर हवेत, पण ते झोपेसाठी आणि डोळ्यांसाठी. देवाच्या नावाने जप्ती नको. प्रेषित पौलाने कलस्सैकरांस पत्रात लिहिलंय (३:२१), 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका', नाहीतर ती खिन्न होतील. तुमचा मुलगा जेवतो पण बोलत नाही. खिन्न होणं याहून वेगळं काय असतं?

आणि बैठकीच्या बाहेर या. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय आपण मुलांच्या बाप्तिस्म्याला हौसेने वाचतो. त्यातला क्रम बघा. या गोष्टी आधी तुझ्या हृदयात असू देत, मग मुलांच्या मनावर बिंबव. आणि कुठे बोलायचं? घरी बसलेला असताना, मार्गाने चालत असताना, निजताना, उठताना. नऊ वाजता सतरंजीवर बसून, असं काही तिथे नाही. भंवरकुआंला त्याला स्कूटरवर सोडता ना? तो मार्ग आहे. एखाद्या शनिवारी रात्री त्याला सराफ्यात घेऊन जा, भुट्ट्याचा कीस खा आणि देवाविषयी एक अक्षर बोलू नका. त्याच अध्यायात पुढे विसाव्या वचनात म्हटलंय, पुढे तुझा मुलगा तुला विचारील की या विधींचा अर्थ काय. मुलगा विचारील, हे देवाने गृहीतच धरलंय. पण जो बाप विचारण्यासारखा असतो त्यालाच मुलगा विचारतो.

तो काही अवघड विचारेल, त्याची तयारी ठेवा. डायनोसॉर, उत्क्रांती, देव आहे तर वर्गातल्या अमक्याची आई का गेली. 'असे प्रश्न विचारायचे नसतात' हे वाक्य गिळा. 'मला माहीत नाही, आपण पाळकसाहेबांना विचारू' असं म्हणणाऱ्या बापावर पोरं जास्त विश्वास ठेवतात, हे मी वर्गात पाहिलंय. आणि बारा वर्षांचा येशू देवळात सापडला (लूक २:४६) तेव्हा तो काय करत होता? गुरुजींच्या मध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता.

रविवारची टेस्ट. इथे माझं मत कडक आहे आणि ते तुमच्यासाठी आहे, मुलासाठी नाही. त्या कोचिंगची फी कोणी भरली? वेळापत्रक कोणी पाहिलं? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला याजक एली आठवा. त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास लोकांच्या यज्ञातलं मांस तीन दातांच्या काट्याने ओढून घ्यायचे. एलीने त्यांना समज दिली, दिली नाही असं नाही. पण देवाचा माणूस येऊन त्याला म्हणाला (२:२९), तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा मान जास्त ठेवतोस आणि त्या उत्तम भागांवर तुम्ही सगळे लठ्ठ होता. म्हणजे तोंडाने रागावायचं आणि ताटात आलेलं खायचं. आपल्याकडे मांस नाही, रँक आहे. मुलगा आयआयटीत लागला तर देवळात आभारप्रदर्शन तुम्हीच करणार, पेढे तुम्हीच वाटणार. मग तो रविवारी वर्गात बसतो म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. कोचिंगवाल्यांना जाऊन भेटा आणि टेस्ट दुसऱ्या बॅचसोबत देता येईल का विचारा. पुष्कळदा जमतं, कारण विचारायला सहसा कोणी जात नाही. नाहीच जमलं तर संध्याकाळची उपासना असलेलं चर्च शोधा आणि सगळं घर तिथे जा, तो एकटा नाही.

जाता जाता एक. चौथ्या आज्ञेत विसावा फक्त घरमालकाला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीतला परका, सगळ्यांना आहे. रविवारी आपण देवळातून येईपर्यंत भांडी घासून ठेवणाऱ्या बाईंना सुटी कधी असते?

दृढीकरणासाठी त्याला एक शब्दही बोलू नका. ते मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने दिलेलं वचन आहे. दबावाखाली दिलं तर तो देवासमोर खोटं बोलेल, आणि बोलायला लावणारे तुम्ही असाल. पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या.

राहिलं तुमचं नीतिसूत्रांतलं वचन. ते सुभाषित आहे, करारपत्र नव्हे. शमुवेल देवळात वाढला, लहानपणी त्याने देवाचा आवाज ऐकला, आयुष्यभर सचोटीने न्याय केला. त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैरशेबात न्यायाधीश होऊन लाच खायला लागले (१ शमुवेल ८:३). एलीला देवाने जबाबदार धरलं तसं शमुवेलाला धरलेलं मला कुठे सापडत नाही. तेव्हा मुलगा देवळात दिसतो की नाही यावर तुमची किंमत ठरवणाऱ्या मंडळीतल्या माणसाला सांगा, तो घरी आहे, बरा आहे, तुम्ही भेटायला या. बहुतेक येणार नाहीत.

इंदूरहूनच, रामबागेतून एक सून लिहिते:

"काकू, मी ख्रिस्ती घरातली, लग्न स्पेशल मॅरेज अॅक्टखाली झालं. सासर मराठी, हिंदू, माणसं चांगली. घरात दीड दिवसाचा गणपती बसतो. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मी रात्री तिला येशूच्या गोष्टी सांगते, पण हळू आवाजात, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. परवा तिने सगळ्यांसमोर विचारलं, 'आई, तुझा देव लपून का राहतो?' मला रडू आलं. तिला विश्वासात वाढवायचं आहे, पण घर मोडायचं नाही. झांक्या, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, बघायला आजीबरोबर पाठवू की नको, हेही कळत नाही. माझी आई म्हणते, पाठवलीस तर पाप."

पोरी, रडू नकोस. तुझ्या मुलीने दीड मिनिटात जे ओळखलं ते सांगायला मला अर्धं पान लागणार आहे.

लपवणं सोड. कुजबुजत सांगितलेली गोष्ट मुलाला चोरीची वाटते. नवऱ्याशी बस आणि सरळ बोल, की मी तिला माझा विश्वास सांगणार, उघडपणे सांगणार, तुमच्या आईचा मान राखून सांगणार. लग्नाआधी हे बोलणं झालं असतं तर बरं, पण आपल्याकडे लग्नाआधी हॉल आणि जेवण यांवरच बोलणी होतात. मग त्यांनीच सासूबाईंना सांगावं, तू नाही.

तुझ्यासारखी घरं नवीन नाहीत. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याची आई युनीके यहूदी होती, विश्वास धरलेली, आणि बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक (प्रेषितांची कृत्ये १६:१). पौल तीमथ्याच्या विश्वासाचं मूळ सांगतो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके अशी दोन बायकांची नावं घेतो (२ तीमथ्य १:५). पहिल्या करिंथकरांस पत्रात (७:१४) तर तो म्हणतो की विश्वास न धरणारा नवरा पत्नीमुळे पवित्र झालेला आहे आणि मुलंही पवित्र आहेत. हे वाक्य तुझ्या आईला वाचून दाखव. आणि मराठी माणसाला जवळचं उदाहरण हवं असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आली तेव्हाही घरात दोन धर्म होतेच. ते घर टिकलं, आणि लक्ष्मीबाई आल्या त्या कोणी ढकलल्या म्हणून नाही, स्वतः विचार करून आल्या.

मुलीला आजीच्या देवाबद्दल वाईट शब्द सांगायचा नाही. एकही नाही. 'आजी अशी प्रार्थना करते, आई अशी करते, आई येशूला प्रभू मानते आणि का मानते ते तुला सांगते.' सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. तू स्वतः आरतीचं ताट धरायचं की नाही, हे तुझ्या विवेकाचं आहे. मी धरणार नाही, पण मोदक वळायला आनंदाने बसेन आणि घरातल्या सगळ्यांना वाढेन.

झांक्यांना पाठव. माझे वडील, कट्टर प्रार्थना करणारे, आम्हाला राजवाड्याजवळ झांक्या दाखवायला न्यायचे. गिरण्यांच्या कामगारांनी रात्र रात्र जागून केलेली ती रोषणाई असायची आणि त्यांतले कितीतरी कामगार वडिलांच्या ओळखीचे. गिरण्या बंद पडल्या, झांक्या अजून निघतात. आजीचा हात धरून रात्री उशिरापर्यंत जागणं हे त्या मुलीचं बालपण आहे. ते तिच्याकडून काढून घेतलंस तर तिला तुझा येशू तिची मजा हिरावणारा वाटेल.

बाप्तिस्म्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण आई विचारत असणारच. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात एकत्र आलं तेव्हा त्यात बालबाप्तिस्मा मानणारे होते आणि मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारेही होते. दोन्ही पद्धती तिथे मान्य आहेत. तेव्हा नवऱ्याची मनापासून संमती नसेल तर आता फक्त आशीर्वादाची प्रार्थना कर आणि पुढचं मुलीवर सोपव. नवऱ्याला न सांगता काही करू नकोस. अशा चोरून केलेल्या गोष्टीने देवाचा मान वाढतो, असं मला वाटत नाही.

महूहून एक आई:

"माझे यजमान देवळात शास्त्रपाठ वाचतात, लोक त्यांना मानतात. घरी नऊ वर्षांच्या मुलाला मार्कांवरून पट्ट्याने मारतात. मी मध्ये पडले की म्हणतात, 'शास्त्रात छडी लिहिली आहे. तू देवाच्या आज्ञेच्या आड येतेस.' मी काय म्हणू?"

आड या, ताई. आज या.

नीतिसूत्रे १३:२४ मध्ये छडी आहे, खरं आहे. पण त्याच वचनात प्रीतीही आहे, आणि पट्टा उचलताना तुमच्या यजमानांच्या मनात प्रीती असते की प्रगतिपुस्तक, हे त्यांनाच विचारा. गणितात पाचपैकी दोन मार्क मिळणं हे पाप नाही. मी जन्मभर ते मार्क दिले आहेत. मार खाऊन कोणाला भागाकार आलेला मी पाहिला नाही, भागाकाराची भीती बसलेली मात्र खूप पाहिली. शास्त्रपाठ वाचणाऱ्या माणसाने तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्रही वाचावं. तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाची लक्षणं सांगताना पौल म्हणतो, तो मारका नसावा, सौम्य असावा आणि आपलं घर चांगलं चालवणारा असावा. मार्क १० मध्ये शिष्य लेकरांना हाकलतात तेव्हा येशू रागावतो, पण लेकरांवर नाही, शिष्यांवर. आणि लेकरांवर हात ठेवतो तो आशीर्वाद द्यायला.

पण वचनं सांगून पट्टा थांबेल, अशा भ्रमात मी नाही. तुम्ही एकट्या बोलू नका. पाळकसाहेब, किंवा यजमान ज्यांचा शब्द मोडत नाहीत असे मोठे दीर, सासरे, कोणीतरी घरी येऊन त्यांच्यासमोर बसायला हवं. कोणी 'घरातलं घरात ठेवा' म्हणालं तर दुसऱ्याकडे जा. मुलाच्या अंगावर वळ उठत असतील तर डॉक्टरला दाखवा आणि काय झालं ते खरं सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, फुकट लागतो. तो मुलालाही पाठ असू द्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच क्रूरता केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यातून बाप सुटत नाही, शास्त्रपाठ वाचणाराही नाही. नवऱ्याला तुरुंगात घाला, असं मी म्हणत नाही. तुमच्या बाजूला काय काय उभं आहे, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. मार थांबला नाही तर मुलाला घेऊन माहेरी जा. तुम्ही देवाच्या आज्ञेच्या आड येत नाही, मुलाच्या अंगावर पडणाऱ्या पट्ट्याच्या आड येता.

विजय नगर, इंदूर, एक तरुण:

"आयटीत नोकरी आहे. मी पगाराचा दशांश, म्हणजे दहावा भाग, चर्चला नियमित देतो. घराचे हप्ते चालू आहेत. आई नगरला भावाकडे असते, तिच्या औषधांना पैसे पाठवायचे तर दशांश कमी करावा लागेल. देवाचं आधी की आईचं? भाऊ टोमणे मारतो."

बाबा रे, हा प्रश्न येशूनेच सोडवून ठेवलाय आणि उत्तर तुला सोयीचं नाही. मार्क ७:९ पासून वाच. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलंय, असं म्हणून मोकळे होणाऱ्यांना त्याने ढोंगी म्हटलं. आणि पौल तर म्हणतो (१ तीमथ्य ५:८), स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. आईची औषधं आधी, दर महिन्याला, तिला मागावं न लागता.

पण मला तुझा हिशेबही बघू दे, गणिताची सवय जात नाही. दशांश आणि आई या दोन्हींतून एकच निवडायचं, असं तू मांडलंस. हप्ता कितीचा, गाडी कोणती, शनिवार-रविवार छप्पन दुकानला खाण्यापिण्यात किती जातात, हे पत्रात नाही. दशांशाला आणि आईला समोरासमोर उभं करण्याआधी बाकीच्या खर्चांना एकदा उभं कर. आणि भावाच्या टोमण्यांना उत्तर देऊ नकोस. रात्री आईला उठवून गोळी तो देतो, तू नाही.

वडोदऱ्याहून एक आजी:

"नातवंडं गुजराती आणि इंग्रजीत प्रार्थना करतात. माझी मराठी गीतं कोणाला येत नाहीत. माझ्यामागे या घरात देवाची स्तुती मराठीत होणार नाही. पेटी आहे, पण तिचा भाता फाटलाय आणि माझी बोटंही चालत नाहीत."

ताई, देवाला गुजराती येतं, ती काळजी सोडा. गीतं शिकवायला बसवू नका, पोरं पळतील. भाजी निवडताना गा, रोज तेच एक गीत, महिनाभर. पोरांच्या कानाला त्याची सवय झाली की ती स्वतःच चुका काढू लागतील. मोठ्या नातवाला मोबाइलवर तुमचा आवाज भरून ठेवायला सांगा. यंत्राचं काम असलं की त्या वयाला आजी आवडते. आणि भाता आधी दुरुस्त करून घ्या. बोटं तुमची चालली नाहीत तर सूर तुम्ही सांगा, पट्ट्या मोठा दाबेल. भाता हाणायला धाकटीला बसवा.